आम्ही बदललेला शेवट

चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात दरवर्षी यात्रेला एक जुनं संगीत नाटक व्हायचं. शेवटच्या अंकात नायक विषाचा पेला उचलतो, बायको धावत येते, पण तिला उशीर होतो आणि पडदा पडतो. नाटक बसवायचो मी. अमरावतीत मास्तरकी करत असल्यामुळे नाटकातलं सगळं मलाच कळतं असा गावाचा समज होता, आणि माझाही.

मग कापसाची वाईट वर्षं आली. एका दुपारी माझ्या काकांनी शेतात फवारणीचं औषध घेतलं. काकू त्या दिवशी वरूडला भावाकडे गेली होती. संध्याकाळच्या एसटीनं परतली तेव्हा अंगणात गाव जमलं होतं. त्या साली नाटक करायचं की नाही, यावर मंडळी बसली. आमचे कपडे शिवणारे टेलरचाचा म्हणाले, "नाटक करा. पण हे मौत आता दाखवाची नाही. कोनालेच पाहावनार नाही."

शेवट मी बदलला. बायको वेळेवर पोचते, त्याच्या हातातला पेला उडवते, दोघं रडतात. टाळ्या थांबेनात. काकू पहिल्या रांगेत होती. पुढं पाच-सहा वर्षं आम्ही तसंच केलं, आणि गावातल्या पोरांना तोच खरा शेवट वाटू लागला. आपण काकूसाठी काहीतरी केलं याचा मला अभिमान होता, तो लपवत नाही.

पुढं त्या नाटकावर सिनेमा निघाला. काळ आजचा, धोतराच्या जागी जीन्स, पदं कापून दोन गाणी. अमरावतीला राजापेठेत माझ्या घरी आलेली काकू म्हणाली, "मले दाखव. आपलंच नाटक हाये ना थे?" सिनेमात शेवट बदललाय असं मी कुठंसं वाचलं होतं. बदललाय म्हणजे नायक वाचत असणार, असं मी धरून चाललो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

दुपारचा खेळ होता. थेटरात निम्मे लोक नाटकाचे जुने शौकीन, पदं गाळली म्हणून मध्यंतरापर्यंत कुरकुरत होते. शेवटी नायकानं पेला उचलला. बायको धावत येताना दिसली आणि मला हायसं वाटलं. ती पोचली तेव्हा तो पडलेला होता. मूळ नाटक इथंच संपतं, म्हणून लोक उठू लागले, खुर्च्या खाडखाड वाजल्या. मीही काकूचा हात धरला. "चाल काकू, संपलं."

"बस," ती म्हणाली. "तिचं तं आता सुरू झालं."

खरंच सिनेमा संपला नव्हता. पडद्यावर दुसरी सकाळ उजाडली होती. माणसं येत होती, बायकोला विचारत होती, तू होतीस कुठं? ती प्रत्येकाला तेच उत्तर देत होती. उठलेले लोक वाटेतच थबकले. काही परत बसले, काही निघून गेले. "उगाच लांबवलं," मागून कुणीतरी म्हणालं. काकू डोळ्याला पदर न लावता पाहत राहिली.

बाहेर रसवंतीत बसल्यावर मी तिची माफी मागितली. मला माहीत नव्हतं, आपल्या नाटकासारखं असेल असं वाटलं, म्हणालो.

"आपल्या नाटकाचं नको सांगू मले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "थे बाई दरसाली येळेवर पोचे. सारं गाव टाया वाजवे. अन् मी बसल्या बसल्या इचार करो, मंग मी काहून नाही पोचली? आज पयल्यांदा एखादी माह्यासारखी उशिरा आली."

आमच्या नाटकात बायकोचं काम करणारीला क्षणाचाही उशीर होऊ नये, म्हणून तालमीत मी तिला पुन्हा पुन्हा धावायला लावत असे.