तीस वर्षांनी उघडणारी फाइल

१२ नोव्हेंबर २००४. विमानाचं तिकीट ६८४ डॉलर, रद्द केल्यास काही परत नाही. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या घरी जेवणाच्या टेबलाशी हजर: बायको, मुलगी आणि मी.

बायको पुण्यात वकिली करायची. इथे आल्यावर तिने युरोपीय कायद्याच्या इतिहासात पीएच.डी.ला नाव घातलं. कायदेवाले म्हणत, हा इतिहास. इतिहासवाले म्हणत, हा कायदा. ती म्हणे, "निकाल सगळेच वाचतात. निकालाआधी कोण कुणाला काय लिहीत होतं, ते मला बघायचंय." १९७४ च्या एका निकालाआधी सरकारी वकिलांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांची फाइल तिला हवी होती. त्या एका फाइलवर तिचं मुख्य प्रकरण उभं राहणार होतं. फाइल इटलीतल्या एका दफ्तरखान्यात होती. तिथले कागद तीस वर्षं झाली की पुढच्या जानेवारीत खुले होत.

"म्हणजे येत्या जानेवारीत," मी म्हणालो.

"अहो, आधी त्यांना विचारते."

"चौऱ्याहत्तर अधिक तीस. यात विचारायचं काय? भाडं रोज वाढतंय."

"बाबा, जस्ट लेट हर ईमेल देम," मुलगी म्हणाली.

मी तिकीट काढलं.

जानेवारीत तिचा तिथून फोन आला. "निकालापासून नाही मोजत. फाइलमधल्या शेवटच्या कागदापासून मोजतात. शेवटचं पत्र सत्त्याहत्तरचं आहे." वर म्हणाली, "तुमची बेरीज मात्र बरोबर होती हं." मग आवाज उतरला. "इथल्या दफ्तरखान्यातल्या बाईंनी फाइल लांबून दाखवली. एक बोट जाड आहे."

२००६ मध्ये विद्यापीठाकडून मिळणारे पैसे थांबले. त्या प्रकरणावाचून प्रबंध पुढे जाईना, तिने तो सोडला. पण भांडी विसळताना मध्येच म्हणे, "त्या वकिलांत कुणीतरी नक्की विरोध केला असणार."

जानेवारी २००८ मध्ये मी आधी दफ्तरखान्याला पत्र लिहून विचारलं. फाइल खुली झाली होती. प्रती आल्या त्या दिवशी तिने जेवण तसंच ठेवलं, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिल्या पानापासून टिपणं काढायला बसली. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

चौऱ्याहत्तर पानांचे ३७ युरो दफ्तरखान्याला दिले, आणि ते पैसे पाठवण्याचे ३५ डॉलर बँकेला.