डिश बिघडली नव्हती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोलाही नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. आली, दोन-तीनदा आली, आणि दर वेळी मी विषय बदलला. मग तुम्हालाच का? तुम्ही आमच्यापैकी कुणाला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायची हिंमत माझ्यात नाही — तेवढं आधीच कबूल करतो.

सुरुवात चांगली होती. निदान दिसायला तरी.

आम्ही तेव्हा दुबईच्या पुढे, रास अल खैमाला राहत होतो, अजूनही तिथेच आहोत. मी फरश्यांच्या कारखान्यात डिस्पॅचला. ईरा झाली, वैशालीची रजा संपली, आणि तिला फ्री झोनमधल्या एका कंपनीत नवी नोकरी लागली. प्रोबेशनवर. पोरीला कुणी सांभाळायचं? मी आईला बोलावून घेतलं. आई कोकणातली, खाडीकाठच्या गावातली. बाबा गेल्यापासून एकटी. तिची धाकटी बहीण, माझी तारामावशी, त्याच गावात दोन घरं सोडून राहायची. दोघींचा दिवस एकमेकींच्या ओटीवर जायचा. त्या ओटीवरून उचलून मी आईला एसीच्या खोलीत आणून बसवलं. ती एका शब्दानं कुरकुरली नाही. फक्त म्हणाली, "टीव्हीवर आपलं काही लागतं का रे?"

लागायचं. गच्चीवर डिश होती, मराठी चॅनेल दिसायचे. पण तिकडे रात्री आठची मालिका इथे साडेसहाला लागते, आणि ती नेमकी ईराच्या अंघोळीची आणि रडण्याची वेळ. आईची रोज अर्धी मालिका बुडायची. म्हणून मी बाजारातून रेकॉर्डिंगचा रिसीव्हर आणला आणि त्याला एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडली. टायमर लावून ठेवायचा, आपण घरात नसलो तरी मालिका आपोआप डिस्कमध्ये जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी पोर झोपली की आई बघायची. मी तिला रिमोटवरची बटणं शिकवली. ती त्या डिस्कला डबी म्हणायची. गावी फोन लावून दिला की मावशीला सांगायची, "तारे, माझ्या लेकानं टीव्ही डबीत भरून ठेवलाय माझ्यासाठी! पापडासारखा हवा तेव्हा काढायचा." मावशी तिकडून हसायची. मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू — मला फार बरं वाटायचं.

तर, ते पावसाचे दिवस. तिकडे पाऊस, इथे अंग भाजणारा उन्हाळा. मी त्या दिवशी दुपारी जेवायला घरी आलो होतो. आई आतल्या खोलीत ईराला थोपटत होती. बाहेर टीव्ही चालू होता, आवाज बारीक केलेला, मराठी बातम्या. आणि पडद्यावर आमची बाजारपेठ. ओळखायला जरा वेळ लागला, कारण दुकानं दिसतच नव्हती. पाटीपर्यंत पाणी. एक माणूस पत्र्यावर बसून हात हलवत होता.

मी काय करायला हवं होतं? आत जाऊन आईला सांगायला हवं होतं. दुसरं काय!

मी टीव्हीमागे हात घालून रिसीव्हरची वायर फिरवून काढली. डिशची वायर. पडद्यावर 'सिग्नल नाही' आलं. आई बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, "वाऱ्यानं डिश हललेली दिसते. माणूस बोलावतो."

त्या क्षणी मनात काय होतं, हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. तिला धक्का बसू नये, आधी खात्री करून घ्यावी — असं होतं का? असेलही. पण संध्याकाळी मावशीच्या मुलाचा, सुधीरचा मेसेज आला. मावशी सुखरूप आहे, शाळेत हलवलंय, दोन्ही घरांत कमरेएवढं पाणी. झाली की खात्री. मग वायर का नाही लावली?

कारण मी आईला ओळखत होतो. मावशीचं घर पाण्यात गेलंय म्हटल्यावर ती एक दिवस थांबली नसती. "तिकीट काढ," म्हणाली असती. ती गेली की व्हिसा परत काढा, तोवर पोर कुणाकडे? वैशालीची नोकरी? एवढा साधा हिशोब. त्यात आईची काळजी कुठेच नव्हती. हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली.

गावचे फोन माझ्याच मोबाइलवर यायचे. आईजवळ फोन होता, पण त्यावरून भारतात लावायचं ॲप तिला जमत नसे, मीच लावून द्यायचो. "तारीला लाव रे," म्हणाली की मी सांगायचो, "पाऊस आहे, टॉवर बंद आहे." ती मान हलवायची आणि डबी लावायची. जुन्या मालिका बघून संपल्या. मग त्याच पुन्हा बघायला लागली. एकदा ईराला मांडीवर घेऊन म्हणाली, "या बाईला आता पुढे काय होणार ते माहीत असूनसुद्धा मला रडू येतं बघ." मग सहज विचारल्यासारखं, "डिशवाला कधी यायचा?"

"उद्या. इन्शाल्ला."

आम्ही दोघंही हसलो. इथे राहून ही एक सोय झाली होती — नाही म्हणायचं नसलं की इन्शाल्ला म्हणायचं.

वैशालीला ठाऊक होतं का? तिनं एकदा टीव्हीमागची धूळ पुसली. सुटी वायर तिच्या हाताला लागली असणार. ती फडका धुवायला निघून गेली. पण तिच्यावर काही ढकलत नाही. वायर मी काढली होती.

इथवरच थांबलं असतं तर मी कदाचित एक दिवस आईला हसत हसत सांगूनही टाकलं असतं. थांबलं नाही. पाण्यातून चाललेल्या मावशीला ताप भरला. लेप्टो निघाला. सुधीरनं तिला रत्नागिरीला दवाखान्यात नेलं आणि मला मेसेज केला: "दादा, आई सारखी अक्का अक्का करते. मोठ्या मावशीला पाठव. लवकर पाठव."

कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून मी उत्तर लिहिलं. "आईचं बीपी खूप वाढलंय. अंथरुणातच आहे. डॉक्टर प्रवास नको म्हणतात. तिला काही सांगू नकोस."

ती अंथरुणात नव्हती. ती त्या वेळी ईराला नाचणीची पेज भरवत होती.

दुसऱ्या दिवशी सुधीरनं मावशीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. मी तोही गाडीतच ऐकला. दम लागत होता तिला. "अक्का, सुधीर म्हणाला तू आजारी आहेस. जिवाला जप गं. माझी काळजी करू नकोस, मी बरी होत्येय. औषध वेळेवर घे." थोडा वेळ नुसता श्वास. मग, "येऊ नको हां. दगदग होईल."

माझी आई धडधाकट होती, आणि मरायला टेकलेली बाई तिला औषध घे म्हणून सांगत होती. हे मी घडवलं होतं. मी काय केलं असेल? रडलो? घरी धावत गेलो? मी तो आवाज फोनमधून पुसून टाकला. आईनं चुकून फोन हातात घेतला तर — एवढाच विचार. मग ऑफिसात जाऊन दुपारचे दोन कंटेनर रवाना केले.

मावशी गेली.

मी आईला सांगितलं, अचानक झालं, मलाही आत्ताच कळलं. ती सोफ्याच्या कडेवर बसली. मग म्हणाली, "किती दिवस होती आजारी?"

"दोनच दिवस."

"शुद्धीत होती?"

"नव्हती," मी म्हणालो. तेही खोटं. का बोललो? आता गरजही नव्हती त्याची. एकदा सवय लागली की तोंड आपलं आपण चालतं.

तिकीट मिळालं, त्याच दिवशी. हवं असतं तर आधीही मिळालं असतं. आणि ईरा? शेजारच्या फ्लॅटमध्ये शबानाभाभी राहायच्या, मूळच्या दापोलीकडच्या. आईची बॅग दारात बघून त्या आल्या, आईला धरून रडल्या, आणि मग मला म्हणाल्या, "पोरगीला माझ्याकडे टाका नि खुशाल जा कामाला. आधी तरी सांगायचं होतंत! एवढीशी पोर मला काय जड आहे?" पुढे वैशालीचं प्रोबेशन संपेपर्यंत ईरा त्यांच्याकडेच राहिली. मी आधी एकदा त्यांचं दार वाजवलं असतं तर? वाजवलं नाही. सुचलंच नाही म्हणायला जागा आहे. पण माणसाला सुचतं तेच, जे त्याला शोधायचं असतं.

आईला विमानतळावर सोडून आलो आणि वायर परत लावली. चित्र लगेच आलं.

आई पुन्हा इथे आली नाही. "तिथली हवा मला मानवत नाही," एवढंच म्हणते. आठवड्यातून एकदा फोन होतो. ईराशी बोलते. ईरा इंग्रजीत उत्तरं देते, आई मराठीत विचारत राहते, दोघींचं चालतं.

दोन वर्षांनी मी एकटाच सुट्टीवर गेलो. स्टेशनवर सुधीर रिक्षा घेऊन आला होता. त्याच्या मनात माझ्याबद्दल काहीच नव्हतं, हेच मला सोसत नव्हतं. वाटेत त्यानं आपणहून विषय काढला. "दादा, आईचा तो शेवटचा आवाज माझ्या फोनमध्ये होता ना, तो मी तेराव्याला मोठ्या मावशीला ऐकवला. म्हटलं, तू ऐकवला असशीलच, पण पुन्हा ऐकू दे."

मी विचारलं, "मग?"

"काही नाही. दोनदा ऐकला. मी विचारलं, मावशी, आता बीपी कसं आहे? तर म्हणाली, आता बरंय रे. तेव्हा मला बसवतही नव्हतं, नाहीतर आले असते. तुझ्या दादानं फार केलं माझं."

रिक्षा फाट्यावरून आत वळली. पुढे तो काय बोलत होता ते मी ऐकलं नाही.

आई दारातच उभी होती. मी वाकून नमस्कार केला. तिनं पाठीवरून हात फिरवला, नेहमीसारखाच — मी त्या हातात काहीतरी वेगळं शोधत होतो, सापडलं नाही. पाय धुवायला पाणी दिलं. ताट वाढलं. सुरमईचं कालवण, सोलकढी, भात. समोर बसून विचारत राहिली — ईरा नीट जेवते का, वैशाली अजून त्याच कंपनीत का, तुझे केस एवढे कसे पिकले.

मला बोलायचं होतं. ती वाट बघत होती का? मला माहीत नाही. मी वर बघितलं नाही.

मी जेवलो. भात दुसऱ्यांदा मागून घेतला.