आत्याचा दौरा कार्यक्रम

आमच्या आत्याला 'नाही' म्हणू शकेल असा माणूस अजून दिल्लीत बदलून आलेला नाही. सचिव आले, सहसचिव आले, दर तीन वर्षांनी नवा साहेब आला. तिच्या टेबलासमोर उभं राहून सगळे शेवटी 'ठीक है मॅडम' म्हणूनच परत गेले. ती मंत्रालयात स्टेनो होती. लग्न केलं नाही, कारण विचारायला आलेल्या पहिल्या स्थळाने तिला बदली घेशील का असं विचारलं होतं. निवृत्तीनंतर सरकारी क्वार्टर सुटलं आणि गाझियाबादेत तिसऱ्या मजल्यावर तिने स्वतःचा फ्लॅट घेतला. तिथली लिफ्ट महिन्यातून वीस दिवस बंद असते. आत्या उरलेले दहा दिवसही जिन्यानेच चढते, लिफ्टला माज येऊ नये म्हणून.

तर ही आत्या एकोणसत्तराव्या वर्षी एका रविवारी लक्ष्मीबाई नगरात आमच्या घरी आली आणि चहाच्या आधी तिने बाबांच्या हातात एक कागद ठेवला. बाबा म्हणजे तिचा थोरला भाऊ, वय शहात्तर. कागदावर दौरा कार्यक्रम होता. केळशी ते गुहागर, समुद्राच्या काठाकाठाने, पायी, एकटीने, सहा दिवस. प्रस्थान, आगमन, मुक्काम, सगळे रकाने अगदी सरकारी पद्धतीने आखलेले. खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलं होतं: 'प्रत, थोरल्या बंधूंना, माहितीसाठी.' बाबा स्वतः आयुष्यभर फायलींत वावरलेले. 'माहितीसाठी' आणि 'मंजुरीसाठी' यांतला फरक त्यांना चांगला कळतो. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि त्यांचा चहा निवून गेला.

"अगं, पडलीस तर? तिथे आपलं कोण आहे?"

"आणि गाझियाबादेत कोण आहे, दादा? इथे पडले तर तुला कळायला मेट्रो दोनदा बदलावी लागेल. तिथे निदान वाळूत पडेन."

 तरी मी तोंड उघडलंच. कुणाला तरी बरोबर ने, एवढंच म्हणालो. आत्याने चष्मा काढला. तिने सांगितलं की चाळीस वर्षं तिने दुसऱ्यांचे दौरे टाइप केले. स्वतःला मिळालेली प्रत्येक प्रवास-सवलत आईवडिलांना काशीला, वहिनीला तिरुपतीला, आम्हा भाचरांना उटीला नेण्यात गेली, आणि प्रत्येक ठिकाणी तिने सामान राखलं. "घाटावर, तळ्यावर, सगळे पाण्यात जायचे आणि मी चपला सांभाळत बसायचे. आता मला एकदा नुसतं चालायचंय. बिल्कुल एकटीला." ते ऐकून मला माझ्या उटीच्या सहलीची लाज वाटली.

तयारी तिने दिल्लीला शोभेल अशीच केली. तिच्या इमारतीमागे बांधकाम चाललं होतं आणि तिथे वाळूचा हा मोठा ढीग. रोज सकाळी आत्या साडी खोचून, चपला हातात घेऊन त्या ढिगावर अर्धा तास येरझाऱ्या घालायची. चौकीदाराने विचारलं, "आंटीजी, कुछ खो गया क्या?" ती म्हणाली, "नहीं भैया, समंदर की प्रैक्टिस है." दुसऱ्या दिवसापासून तो तिच्यासाठी ढिगावरचे दगड वेचून ठेवू लागला.

समुद्राची वेळ मात्र ढिगावर कळत नाही. ती तिला केळशीला घरी पाहुणे ठेवणाऱ्या काकूंनी फोनवर शिकवली. यांच्याकडे तिचा पहिला मुक्काम होता आणि पुढचे मुक्कामही यांनीच ठरवून दिले होते. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता भरती. तृतीयेला सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास ओहोटी, आणि ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर पाय रुतत नाहीत. आत्याला हे गणित इतकं आवडलं की ती तारखा विसरलीच. समुद्राला तारीख कळत नाही, म्हणे. तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बोट ठेवून काकूंना कळवलं: मार्गशीर्ष वद्य तृतीयेला निघते.

ते कॅलेंडर गाझियाबादच्या मिठाईवाल्याने आदल्या दिवाळीत दिलेलं. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे इथला मार्गशीर्ष वद्य म्हणजे कोकणातला कार्तिक वद्य. जन्म दिल्लीत काढलेल्या आत्याला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

निघायला चार दिवस उरले असताना बाबांनी मला गुपचूप काकूंना फोन करायला लावला. काकू म्हणाल्या, "त्या होय? त्या पुढच्या महिन्यात यायच्यात ना? आत्ता आमच्याकडे रंगकाम काढलंय." सहाही मुक्काम महिनाभर पुढे ठरले होते. बाबांचा चेहरा उजळला. तो कागद हाती आल्यापासून प्रथमच त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली. मग आम्ही दोघं गाझियाबादला गेलो, तीन मजले चढलो आणि धापा टाकत तिला चूक सांगितली.

आत्याने कॅलेंडरवरच्या तृतीयेवर पुन्हा बोट ठेवलं. खरं सांगतो, त्या क्षणी आपण जिंकतोय याचं मला वाईट वाटलं. मग ती वळली. "महिना चुकला, दादा. तिथी नाही चुकली. ओहोटी साडेआठलाच आहे." तिने फोन उचलला आणि दुपारभरात सहाही घरांना सांगितलं की मी आत्ताच येते, खोली नसेल तर पडवीत झोपेन. सहाही घरं 'या' म्हणाली. तिच्यापुढे केळशीचं काय चालणार!

ते सहा दिवस बाबांनी दौऱ्याचा कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. रोज सकाळी पाऊणपट करून ते मला सांगायचे, "आता निघाली असेल." सहाव्या संध्याकाळी फोन आला. "पोचले," ती म्हणाली. मागे लाटांचा आवाज होता. "वाटेत एकदाही कुणाच्या चपला सांभाळल्या नाहीत." मग म्हणाली, "शेवटच्या वळणावर दादाची फार आठवण आली. त्याला सांगू नकोस." मी सांगितलं. बाबांनी पेन काढलं, कागदावर 'पाहिले' लिहून सही केली आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

त्या दौऱ्याला दोन वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात आत्याने नवा कार्यक्रम आणून दिला. गुहागरच्या पुढचा, रोजचं चालणं निम्मं केलेला. तिचा उजवा गुडघा आता सुजतो, आणि इमारतीमागचा वाळूचा ढीगही संपला. तिथे आता पाच मजले उभे आहेत. खाली डाव्या कोपऱ्यात या वेळी लिहिलं होतं: 'प्रत, थोरल्या बंधूंना, आवश्यक कार्यवाहीसाठी.' बाबांनी कॅनव्हासचे बूट आणलेत. रोज संध्याकाळी ते घालून कॉलनीच्या फाटकापर्यंत जातात, तिथे जरा टेकतात आणि परत येतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या पायांना समुद्र झेपेल का, हे मला माहीत नाही. मी त्यांना अजून 'नाही' म्हटलेलं नाही.