श्वास घेणारी बाव

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मी. भूगर्भशास्त्र शिकले आणि आता जिल्हाभर निरीक्षण विहिरींची पातळी मोजत फिरते. कुणाच्या विहिरीत काय चाललंय ते मला कळतं, असा माझा ताठा होता. आपल्या परसात मात्र मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

आमची जुनी बाव, म्हणजे विहीर, बाबांनी बुजवली त्याला बरीच वर्षं झाली. माडाच्या झावळ्या, फुटकी कौलं, फाटकी जाळी, जे हाताला लागलं ते आत गेलं. वर माती. मधोमध एक प्लास्टिकचा पाइप उभा ठेवला, कारण बुजवलेल्या बावीलाही श्वास घ्यायला वाट हवी, असं आमच्याकडे मानतात. दर अमावास्येला बाबा त्या पाइपाशी दिवा लावत, नारळ फोडत.

परसाच्या दगडी कुंपणापलीकडे, गडग्यापलीकडे, काकूचं घर. आमच्याकडे नळ आला तरी ती स्वतःच्या बावीचंच पाणी प्यायची. एका रविवारी मी घरी होते, तेव्हा तिने गडग्यावरून कळशी पुढे केली.

"वास घेऊन बघ गो. आता चुलीक काडी लावूची गरज नाय, पाणीच पेटतला!"

हसत हसत नाक जवळ नेलं आणि हसू विरलं. डिझेलसारखा वास. पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी साय. आधी मला होड्यांची जेट्टी आठवली. पण जेट्टी एवढी लांब, तेल इथवर येणार कसं? मी तशीच परसात वळले.

तिथे माझा भाऊ गुडघ्यांवर बसला होता. पाइपाच्या तोंडात नरसाळं, हातात कॅन, त्याच्या होडीच्या इंजिनातलं काळं जळकं ऑइल संथपणे आत जात होतं. शेजारी बाबांच्या दिव्याची पणती.

"काय करतंस रे हां?"

"मातयेत ओतलंय तर झाडां मरतत," तो निवांतपणे म्हणाला. "ही बाव मेलली आसा. हिका काय होवचा?"

आमची जमीन जांभ्याची, नुसती चाळण. काकूची बाव उताराला. त्या पाइपातून वरचं सगळं सरळ तिच्या कळशीत जात होतं, आणि हे करणारा माझा सख्खा भाऊ. कितीतरी अमावास्या तसंच चाललेलं.

"बाबा म्हणतत ती श्वास घेता, तू म्हणतंस ती मेली," मी ओरडले. "काकू पिता काय ता तरी बघितलंस?"

कॅन त्याच्या हातातच राहिला.

मग मी सांगितलं तसं काम सुरू झालं. आतली घाण सगळी उपसायची, पाइप काढायचा, ब्लीचिंग पावडर टाकायची, खाली स्वच्छ वाळू, वर चिकणमाती थराथराने ठोकून, आणि शेवटी सिमेंटचं झाकण. जुनी जाळी काळी, गुळगुळीत होऊन वर येत होती. ती बघून आईने पदर नाकाला लावला. बाबा मात्र पाइपावर अडले. "तो ऱ्हावंदे. वाट बंद केल्यार घराक बाधता."

मी शिकलेलं सगळं सांगून पाहिलं. ते हलले नाहीत.

बाबा काकूचे थोरले दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्यासमोर कधी तोंड उघडून बोललेली नव्हती. निरोप आईमार्फत जायचे. त्या दिवशी ती गडग्याशी आली आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली,

"भावजी, तुमच्या बावीक श्वास व्हयो. माका पाणी व्हया."

उपसणारे गडीसुद्धा थांबले. बाबांचा चेहरा उतरला. ते खाली वाकले आणि दोन्ही हातांनी पाइप हलवून हलवून स्वतःच उपटला.

आता आमच्याकडे जमिनीलगत सिमेंटचा एक गोल आहे, बाजूने उतार दिलेला. भाऊ ऑइल कुडाळच्या गॅरेजात नेऊन देतो. काकूची बावही आम्ही दोनदा उपसली. तिच्या घरी पिण्याचं पाणी आमच्याकडून जातं. भाऊच कळशी पोचवतो, मान खाली घालून.

दर रविवारी काकू आपल्या बावीची एक कळशी गडग्यावरून माझ्यापुढे धरते.

"बघ गो, तुझ्या डिग्रीक काय वास येता?"

मी वास घेते. अजून येतो.