मानमेइ वहिनी आणि पाटातला फेस

...तर पेरूच्या झाडावर मानमेइ वहिनी आणि झाडाखाली आमच्या खालच्या अंगाच्या शेजाऱ्याचा, कू दादाचा, काळा कुत्रा, इथवर काल आलो होतो. कुत्रा भुंकत नव्हता बरं का. तो तिथं सावलीला येऊन झोपला होता. वहिनी मात्र फांदीला मिठी मारून, डोळे मिटून बसलेल्या. मी खालून म्हटलं, "वहिनी, उतरा, तो घोरतोय." तर म्हणतात कशा, "भाऊजी, घोरतोय म्हणजे श्वास घेतोय ना? मग चावेलही!"

मानमेइ म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाची बायको. भाऊ गेला, मुलं राजधानीला, ताइपेला गेली, आणि तैवानच्या दक्षिणेला मेइनुंगच्या आमच्या वाडीत त्या एकट्या राहिल्या. भित्रेपणा त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. वीज कडाडली की भीती, टपालवाला आला की भीती, कोंबडा जरा वाकडा बघू लागला तरी भीती. आमच्या गावच्या शाळेत मास्तरांनी फळ्यावर वाघ काढला, तर ही मुलगी दुसऱ्या दिवशी आलीच नाही, असं तिच्या वर्गातल्या बायका अजून हसून सांगतात.

आता गंमत ऐका. घरामागं तंबाखू भाजायचं जुनं कोठार होतं. तंबाखू बंद झाली, कोठार ओस पडलं. मुलांनी त्यात खोल्या पाडून पाहुण्यांना उतरायला देण्याचं ठरवलं. वहिनींनी हो म्हटलं, ते घर रिकामं राहिलं तर भुतं वस्तीला येतील या भीतीनं.

पुढचं सगळंही भीतीनंच घडलं. थंड हवेचं यंत्र बसवायचं, तर तारेतून ठिणगी उडाली तर? नको ते यंत्र. त्यांनी कोठाराच्या माथ्यावरची झडपं उघडली. तंबाखूचा धूर ज्या वाटेनं जायचा त्याच वाटेनं खोल्यांतली गरम हवा वर निघून जाऊ लागली. गॅसवर पाणी तापवायचं, तर स्फोट होईल! मग पत्र्यावर काळी रंगवलेली पिंपं ठेवली. उन्हानं त्यातलं पाणी असं तापतं की पाहुणे "आई गं" म्हणतात. कपडे धुण्याचं यंत्र घुमू लागलं की यांची छाती धडधडते, म्हणून पाहुण्यानं टोपलीत टाकलेला टॉवेलच धुवायचा, नाहीतर दांडीवर वाळत घालायचा. साबणाच्या छोट्या बाटल्या ठेवल्या आणि एखाद्या पोरानं पिऊन टाकल्या तर? ठेवायच्याच नाहीत. भांडी घासायला वाळक्या घोसाळ्याचा चोथा, आणि साबणाऐवजी आमची इथली चहाच्या बियांची पेंड. तेल काढून झालं की घाणेवाला ती जवळजवळ फुकट देतो. दळून घेतली की चिमूटभरात तुपकट वाडगा कुरकुर वाजायला लागतो.

शहरातले पाहुणे येऊन वाहवा करतात. "आजी, तुम्ही पृथ्वीला किती जपता!" एकीनं तर वहिनींना मिठी मारली. वहिनी नंतर मला म्हणाल्या, "भाऊजी, पृथ्वीला जपायला मी कोण? मी आपली जीव मुठीत धरून जगते."

जगात त्यांना फक्त एका गोष्टीची भीती वाटत नसे. भावानं कोठारापुढं छोटं तळं खणलं होतं, त्यातल्या तांबड्या-पांढऱ्या माशांची. कोपरापर्यंत हात पाण्यात घालून त्या भात भरवायच्या. मासे बोटं चोखायचे. एरवी अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा करणारी ही बाई तेव्हा लहान मुलीसारखी खिदळायची. बोलायच्याही त्यांच्याशी. काय, ते मला कधी कळलं नाही.

तर त्या वर्षी शिवेवरच्या देव-आजोबांची वर्षाखेरीची पूजा झाली आणि गावजेवण वहिनींच्या अंगणात. अंगणभर गोल मेजं, लोण्यासारखं शिजलेलं डुकराचं मांस, तळ्यातल्या कमळवेलीच्या देठांची भाजी. कू दादाही आला. त्याच्या आणि आमच्या घरात पाटातला गाळ कुणी काढायचा यावरून बोलणं बंद होतं. बायको गेल्यापासून तो माणसांशी कमी आणि आपल्या तळ्यातल्या गवत्या माशांशीच जास्त बोलायचा. बायकोनं हातानं गवत कापून घालून वाढवलेले मासे, एकेक हातभर लांब. त्या दिवशी तो आमच्या मेजाशी बसला, वहिनींना म्हणाला, "मांस बरं झालंय." एवढंच. पण वहिनींचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांचा डोंगर. रोजचं खरकटं पाणी रांजणात साठवून केळींना घालायच्या त्या. पण त्या दिवशी रांजण भरला, टप भरले, केळींखाली चिखल झाला. मागं पाट कोरडा पडलेला. वहिनींनी टपामागून टप त्यात ओतले. मी ओसरीवर गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो, बघत होतो, आणि मलाही काही वाटलं नाही. तपकिरी पाणी पाटात साचलं, वर हा एवढा फेस.

आणि मग आवाज आला.

आधी वाटलं, बांबूत वारा शिरला. मग तो आवाज खळखळू लागला. वहिनींच्या हातातला वाडगा खाली पडला.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आज पाण्याची पाळी कुणाची?"

मी सांगणार तोच मला आठवलं. आमच्याच ओळीची. जेवणाच्या गडबडीत सगळे विसरलो होतो. पाटकऱ्यानं वरचं दारं उघडून पाणी सोडलं होतं.

आता पेंडेबद्दल आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली एक गोष्ट सांगतो. माणसाला ती काही करत नाही. पण माशाच्या कल्ल्यात गेली की मासा गुदमरून वर येतो. माझे आजोबा ओढ्यात पेंड कालवूनच मासे धरायचे. आणि पाट वहिनींच्या घरामागून निघून, कोठाराला वळसा घालून, खाली थेट कू दादाच्या तळ्यात उतरतो.

पाण्याचं तोंड आलं. वाळकी पानं पुढं ढकलत, कुजबुजत आलं, आणि त्यानं तो तपकिरी साठा उचलला. फेस हलला. गोगलगाईसारखा आधी हळू, मग वळणावर एकदम सुटला.

वहिनींचा चेहरा भाताच्या पेजेसारखा झाला. एरवी अशा वेळी ही बाई जागच्या जागी बसते, बाही तोंडात कोंबते. मी म्हटलं, "वहिनी, कू दादाला हाक मारा! त्याच्या तळ्याची फळी पाडेल तो! ओरडा!"

त्या ओरडल्या नाहीत. त्या धावल्या. पाटाच्या काठाकाठानं, एक चप्पल इथं, एक तिथं. फेस पाण्यातून चाललेला, ही काठावरून, आणि मी मागं लंगडत. सांगतो, मी बाँबगोळ्यांच्या गोष्टी ऐकत मोठा झालोय, पण त्या पांढऱ्या फेसाइतकं भयाण मी दुसरं काही पाहिलं नाही. आवाज नाही, घाई नाही. बुडबुडे उन्हात चमकत चाललेत, आणि खाली कू दादाचे मासे सकाळच्या गवताची वाट बघत काठाशी तोंडं काढून बसलेले असणार.

वहिनी कोठारापाशी फेसाच्या पुढं निघाल्या आणि थांबल्या. तिथं पाटाला त्यांच्या तळ्याचं दारं आहे. एक लाकडी फळी, दोन खाचा. या खाचेत घातली तर पाणी खाली कू दादाकडं. त्या खाचेत घातली तर पाट अडतो आणि सगळं पाणी वहिनींच्या तळ्यात.

"वाफ्यात वळवा!" मी ओरडलो.

"वाफे उंच आहेत, भाऊजी," त्या म्हणाल्या. रडत नव्हत्या. दात मात्र वाजत होते, मला लांबून ऐकू येत होतं.

तळं हिवाळ्यानं अर्धं उतरलेलं होतं, सगळं पाणी मावलं असतं. आणि वहिनींना बघून मासे काठाशी जमले होते, तोंडं वासून. त्यांना वाटलं, भात आला.

फेस वळणावर दिसला. वहिनींनी फळी उपसली. फुगलेली फळी निघेना. त्यांनी पाय रोवून ओढली, नख उलटलं, रक्त आलं. फळी दुसऱ्या खाचेत पाडली आणि तिच्यावर बसून राहिल्या, डोळे मिटून, पेरूच्या झाडावर बसल्या होत्या तशाच. तपकिरी पाणी त्यांच्या पायांखालून तळ्यात शिरलं.

मी पोचलो तेव्हा त्या विचारत होत्या, "गेलं का? भाऊजी, स्वच्छ आलं का? नीट बघा. अजून बघा." निवळशंख पाणी येईपर्यंत मी त्यांना उठू दिलं नाही, आणि त्याही उठल्या नाहीत. मग फळी परत फिरवली. आम्ही टपात विहिरीचं पाणी घेऊन मासे काढू लागलो. छोटे काही तरले. मोठे एकेक करून आडवे झाले. वहिनी प्रत्येकाला तळहातावर धरून पाण्यात पुढं-मागं हलवायच्या, कल्ल्यात पाणी जावं म्हणून. हलवत राहायच्या.

दुपारी कू दादा आला. कालची दारू अजून डोळ्यांत होती. कुत्रा त्यानं फाटकाला बांधला. पाटाच्या चिखलावरचा वाळका फेस, ती फळी, वहिनींच्या बोटाची चिंधी, तळ्यावरचे पांढरे पोटाचे मासे, सगळं त्यानं बघितलं. हा माणूस आता शिव्या घालणार की काय, या भीतीनं वहिनी माझ्यामागं सरकल्या.

"माझ्या घरापर्यंत हाक येते इथून," तो म्हणाला. "मी घरातच होतो. फळी पाडायला मला असा कितीसा वेळ लागला असता? एवढं सगळं करण्यापेक्षा एकदा ओरडला का नाहीत, वहिनी?"

वहिनींनी माझ्या खांद्याआडून फाटकाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ओरडले असते हो, दादा, पण मग तुमचा कुत्रा धावून आला असता."