तात्यांचा पाय आणि माशाचं कातडं

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत उंदरांच्या जखमा भरून काढते. गावी, सणसरला, हे सांगितलं की समोरचा माझ्याकडे दयेनं पाहतो. एवढी शिकली आणि शेवटी उंदरांची मलमपट्टी! त्यामुळे माझ्या चुलत्यांचा, म्हणजे तात्यांचा, तळपाय उसाच्या खोडक्यानं फाटला तेव्हा मला सोडून सगळ्यांचा सल्ला घेण्यात आला.

तात्यांना जुना मधुमेह. पाय बधिर, त्यामुळे लागलेलं कळलंच नाही. चादरीवरचा डाग पाहून काकी ओरडली. मग हळद झाली, तंबाखू झाली. शेजारच्या एका जाणत्यानं तर ट्रॅक्टरचं काळं ऑइल लावलं. ट्रॅक्टरला ते मानवतं, एवढा पुरावा त्याला पुरेसा होता.

दिवाळीला मी गेले तेव्हा जखमेला वास येत होता. तात्या म्हणाले, "आतनं भरतीय ती." आतलं फक्त त्यांनाच दिसत होतं.

मी त्यांना आणि काकीला गाडीत घालून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मेलेलं मांस काढलं, इन्शुलिन सुरू केलं, पाय टेकवायचा नाही म्हणून बजावलं. जखम स्वच्छ झाली, पण भरेना. मग डॉक्टरांनी जे सुचवलं त्यातच माझी उमेदीची वर्षं गेली होती. ते म्हणाले, वाढीचे घटक भरलेला, कोलॅजन नावाच्या प्रथिनाचा पातळ पडदा जखमेवर बसवू.

तात्यांना मी समजावलं, "पेशींना वाढायला सांगणारी प्रथिनं असतात. नुसती लावली तर जखमेच्या पाण्याबरोबर वाहून जातात. कोलॅजन त्यांना धरून ठेवतं आणि हळूहळू सोडतं. शिवाय नव्या पेशींना त्याचा आधार मिळतो."

"आन् ते कशापासनं करत्यात?"

एवढ्या परिषदा झाल्या, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

"माशाच्या कातड्यापासनं."

तात्यांनी गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. "आमी माळकरी हाय."

"गाईच्या कातड्यापासूनचंही मिळतं," डॉक्टर मदतीच्या भावनेनं म्हणाले. तात्यांचा दुसरा हातही माळेवर गेला.

शेवटी काकीच कडाडली, "खायचं न्हाय, लावायचं हाय! ऑइल लावलं तवा ते कुठल्या तुळशीचं हुतं? पाय गेल्यावर काय माळंवर चालणार हाय व्हय?"

तात्यांनी मासा पत्करला. फक्त गावात कुणाला कळता कामा नये. आम्ही सणसरला पोचेपर्यंत गावभर झालं होतं. काकीनं दवाखान्यातूनच बहिणीला फोन केला होता, अर्थात कुणाला सांगू नको असं बजावून. पारावर तात्यांचं नाव 'पापलेट' पडलं.

पट्टी बदलायला मी सुट्टीच्या दिवशी जायचे. एकदा पट्टी काढली तर तळाशी लालभडक नवं मांस आणि कडेनं गुलाबी कातडी सरकत आलेली. उंदराच्या बाबतीत मी याला 'समाधानकारक' असं लिहिते. इथं मला हुंदकाच फुटला.

"का गं? वाईट झालंय व्हय?" तात्या घाबरले.

"न्हाय तात्या. चांगलं झालंय."

"मग हास की, येडे!"

जखम पूर्ण भरली आणि श्रेयाची वाटणी सुरू झाली. पिंपळीला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या मते तिचा नवस पावला होता. जाणत्याच्या मते पाया ऑइलनंच घातला होता. पडद्याचा वाटा किती, इन्शुलिनचा किती आणि तात्यांना खाटेवरून उतरू न देणाऱ्या काकीच्या तोंडाचा किती, हे मलाही सांगता येणार नाही.

आता तात्या मऊ तळाचे बूट घालून बांधावर जातात. घरी पाहुणा आला की चहाबरोबर त्याला तळपाय दाखवतात आणि विचारतात, "सांगा, कुठं हुती?" पाहुण्याला जागा सापडली नाही की ते जेवढे खूश होतात, तेवढे माझ्या पीएचडीलाही झाले नव्हते.