लहान बाळ, सोपं बाळंतपण

इथे परदेशात, स्कारबरोच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या अपार्टमेंटात एक सोमाली कुटुंब राहायला आलं, तेव्हा मी नुकतीच रिटायर झाले होते. म्हणजे लोकांच्या भानगडीत पडायला भरपूर वेळ होता. नवरा ट्रक घेऊन आठवडा आठवडा बाहेर. बायको पंचविशीची, पोटुशी, पदरात एक लहान मुलगी. मदतीला ना आई, ना सासू. आई मोगादिशूला, ती रोज फोनवर असायची. लाँड्री रूममध्ये आमची ओळख झाली आणि थोड्याच दिवसांत ती मला आंटी म्हणायला लागली.

आपल्याकडे बाई दोन जिवांची आहे कळलं की शेजारणींना चैन पडत नाही. आंबट खावंसं वाटतं की गोड, विचारून विचारून तिला भंडावून सोडतात. मीही तेच केलं. डबे भरभरून नेले. ती हसून घ्यायची, धुऊन परत करायची. एकदा न सांगता गेले, तर माझी खीर तिची मुलगी खात होती आणि ही नुसता चहा पीत बसलेली. म्हणाली, भूक नाही. सातव्या महिन्यात भूक नाही? मी काय दुधखुळी आहे?

पुढच्या अल्ट्रासाउंडला नवरा नव्हता, म्हणून मी गाडीने घेऊन गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ वाढायला हवं तेवढं वाढत नाहीये. मी लगेच पुढे काय करायचं ते विचारायला लागले. हिच्या चेहऱ्यावर मात्र, शप्पथ सांगते, समाधान होतं.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. ती मुद्दाम कमी खात होती. तिच्या आईनं सांगितलं होतं, बाळ लहान ठेव, म्हणजे आपसूक बाहेर येईल आणि सिझेरियन टळेल. इथल्या डॉक्टरांना कापायची घाई असते, असं तिच्या ओळखीच्या सगळ्याच बायका म्हणायच्या. तिच्या मावसबहिणीचं इथेच तीनदा सिझेरियन झालं आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, आता पुरे. हिला सहा मुलं हवी होती. तिच्या आईनं तिकडे बाळ अडून बायका मरताना पाहिल्या होत्या, त्यामुळे त्या माउलीला मूर्ख म्हणायची माझी काही छाती झाली नाही.

लेकीला मात्र मी चांगलंच झापलं. तुझं बाळ लहान नाही, उपाशी आहे, असं तोंडावर सांगितलं. ती रडली. त्या दिवसापासून ती माझ्याकडे जेवायला लागली. वरण-भात, मटण, दूध. मी समोर जेलरसारखी बसायचे. आईला यातलं काही सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

पण बाळ फारसं भरलं नाही. शेवटी डॉक्टरांनी तारखेच्या आधीच कळा सुरू करायचं ठरवलं. कळ आली की बाळाचे ठोके मंदावायचे, परत यायचे, परत मंदावायचे. मग ते परत यायलाच वेळ लागायला लागला आणि तिला सिझेरियनला नेलं. नवरा तेव्हा मॅनिटोबात कुठेतरी रस्त्यावर होता. कॉरिडॉरमध्ये मी एकटी. मुलगा झाला, जिवंत आणि अगदीच बारका. काही दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी तिला नीट समजावलं. याला कारणं बरीच असू शकतात, पण इतके महिने अर्धपोटी राहिल्यानं भलं तर काहीच झालं नाही. बाळात कळा सोसण्याची ताकद नव्हती. ती मान हलवत होती. मला वाटलं, चला, एकदाचं कळलं.

बाळ पेटीतून बाहेर आल्यावर मी भेटायला गेले. ती त्याला घेऊन बसली होती. आईचा फोन आला होता म्हणाली. आपण माझ्याकडे जेवत होतो हे तिनं अखेर आईला सांगून टाकलं होतं.

"आई म्हणाली, शेवटी शेवटी खाल्लंस, म्हणून कापावं लागलं."

मी पहिल्यापासून परत सगळं सांगितलं. याच्याकडे बघ, हा काय मोठा दिसतो का, असंही विचारलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्यावर राग नव्हता तिचा, तेच तर जास्त लागलं.

"आंटी, खात नव्हते तोवर सगळं ठीक होतं. खायला लागले आणि पोट कापलं. पुढच्या वेळी मला जेवायला बोलावू नका."

मला भयंकर संताप आला, आणि रडूही आलं. तिनं बाळ माझ्याकडे दिलं. घेतलं खरं, पण हातात काही आहे असं वाटतच नव्हतं.